कोणाच्या वतीने

"चारशे बारा," नॉर्बर्ट म्हणाला. "नऊला पाच कमी असताना शेवटची गेली."

"शाब्बास," मी म्हणालो. फेकलेली काठी कुत्र्यानं उचलून आणली की म्हणतात ना, त्या सुरात.

विधानभवनाच्या तिसऱ्या मजल्यावर, सुनावणीच्या खोलीबाहेर आम्ही उभे होतो. नॉर्बर्टच्या काखेत कागदांचा गठ्ठा होता आणि हातात जेवणाचा डबा. डब्यात दोन उकडलेली अंडी, मिठाची पुडी आणि चार खारी बिस्किटं. बावीस वर्षं हाच डबा आणि जवळजवळ हाच तपकिरी स्वेटर. खिशाला एक पेन्सिल, रोज सकाळी टोक काढलेली. स्प्रिंगफील्डमध्ये, म्हणजे आमच्या राज्याच्या राजधानीत, अधिवेशनाच्या दिवसांत माणूस सूट घालतो, बूट चमकवतो, दात दाखवतो. हा पोस्टात तिकिटं विकायला आल्यासारखा यायचा. लोक मला विचारायचे, "रँडल, तो तुमचा माणूस का?" मी म्हणायचो, "ऑफिसातला आहे."

मी आरोग्यविमा एजंटांच्या राज्य संघाचा लॉबीवाला. म्हणजे आमदारांना जेवायला घालायचं, त्यांच्या मुलांची नावं पाठ ठेवायची आणि आमच्या पोटावर पाय देणारा कायदा होऊ द्यायचा नाही. नॉर्बर्ट डिट्झ आमचा कारकून. दर अधिवेशनात हजारो विधेयकं येतात आणि हा प्राणी ती वाचतो. कुत्र्यांच्या परवान्याचं वाचतो, पुलांच्या नावांचं वाचतो. त्याच्याकडे तीन रंगांचे कागद असतात. लाल म्हणजे विरोध, हिरवा म्हणजे पाठिंबा, पिवळा म्हणजे नजर ठेवा. नऊ वर्षांपूर्वी न्हाव्यांच्या परवान्याच्या विधेयकात, एक्केचाळिसाव्या पानावर, कोणीतरी आमच्या कमिशनला कात्री लावणारी ओळ हळूच सरकवली होती. साऱ्या राज्यात ती एकट्या नॉर्बर्टला दिसली. मी दोन ग्लास व्हिस्कीवर ती काढून टाकायला लावली. त्या वर्षी संघानं मला पितळी पाटी दिली. नॉर्बर्टला कप दिला, कॉफीचा.

चिठ्ठ्यांची भानगड अशी. आमच्याकडे विधेयकाची सुनावणी असली की कोणीही समितीला चिठ्ठी पाठवू शकतो. नाव, गाव, कोणाच्या वतीने, बाजूने की विरोधात. आता हे संगणकावर होतं, पण कागदी चिठ्ठ्या दाराजवळच्या टेबलावर अजून ठेवतात, म्हाताऱ्यांसाठी. आमदार विधेयक वाचत नाहीत, चिठ्ठ्या मोजतात. मतं मोजूनच निवडून आलेली माणसं ती, त्यांना तेवढंच येतं.

आणि आमचे एजंट आपण होऊन चिठ्ठ्या पाठवतील म्हणून थांबलो, तर कल्याणच. वर्षातून एकदा त्यांना राजधानीत आणावं लागतं, निळे टाय घालून. साठ माणसं येतात, त्यातली चाळीस स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात आणि उरलेली वीस जेवण कुठे आहे ते. म्हणून सभासद होतानाच आम्ही त्यांची एका कागदावर सही घेतो. संघाला योग्य वाटेल तिथे माझं नाव वापरावं, असं त्यात लिहिलेलं आहे. तो कागद कोणीही वाचलेला नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना "पॉलिसी नीट वाचा हं" म्हणून सांगणारी ही मंडळी! मग नॉर्बर्ट सकाळी बसतो आणि त्यांच्या नावानं एकेक चिठ्ठी पाठवतो. लोकशाही म्हणतात ती हीच.

त्या दिवशीचं विधेयक लाल कागदावरचं होतं. डॉक्टरनं औषधाला मंजुरी मागितली, की विमा कंपनीनं बहात्तर तासांत हो किंवा नाही सांगायचं. सांगितलं नाही तर मंजूर धरायचं. आम्ही विधेयकं मारत नाही. मारलं की रक्त दिसतं. आम्ही ती उपसमितीकडे अभ्यासाला पाठवतो. तिथे घोंगडं भिजत पडतं आणि मे महिना संपला की अधिवेशनाबरोबर तेही संपतं. तेरा जणांच्या समितीत माझ्याकडे सात होते. सातांचा म्होरक्या आमदार लोनी स्टिव्हर. त्याला मी सांगून बसलो होतो, चारशेच्या वर चिठ्ठ्या विरोधात येतील.

आदल्या संध्याकाळी नॉर्बर्ट माझ्या दारात येऊन उभा राहिला होता.

"रँडल, यादी तीनशे एकाहत्तरवर आलीय."

"मला चारशे पाहिजेत."

"नाहीत तेवढी माणसं. काही निवृत्त झाली, काहींनी सभासदत्व सोडलं."

"मग मागच्या अधिवेशनाची यादी काढ. तिच्यात होती ना?"

"तिच्यातली काही आता..."

"नॉर्बर्ट, तुझं मत मागितलं का मी? नऊच्या आत गेली पाहिजेत सगळी."

त्यानं मान हलवली आणि गेला. चौदा महिन्यांनी त्याची पेन्शन सुरू होणार होती. अशा माणसाशी फार बोलावं लागत नाही.

तर आम्ही खोलीत शिरलो. दुसऱ्या रांगेत बसलो. साक्षीदारांच्या टेबलाशी एक सत्तरीची बाई बसलेली होती. हिरवा कोट, मांडीवर जाडजूड पर्स. तिला पाहिलं आणि नॉर्बर्ट जागच्या जागी थिजला.

"ती ओपल राऊश आहे," तो कुजबुजला. "डेलमारची बायको."

"कोण डेलमार?"

"कॉलिन्सव्हिलचा. आपला एजंट, एकतीस वर्षं. दर नाताळात घरच्या हॉर्सरॅडिशची बाटली पाठवायचा. तुम्हालाही."

आठवलं. झाकण उघडलं की नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी ती पांढरी चटणी. मी ती न उघडताच झाडूवाल्याला देऊन टाकायचो.

"बरं, मग? आपल्या बाजूनं बोलणार का?"

"डेलमार ऑक्टोबरमध्ये गेला. मी कार्ड पाठवलं होतं. संघाच्या नावानं."

एवढं बोलून तो घाईघाईनं काखेतला गठ्ठा चाळायला लागला. बोट एकेका नावावरून खाली सरकत होतं. एका जागी ते थांबलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी लोनीकडे बघून अंगठा दाखवण्यात गुंतलो होतो.

अध्यक्षा बेलांजर बाईंनी हातोडी आपटली. ही बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिच्यासमोर आम्ही सगळे कॉपी करताना सापडलेली पोरं. तिनं ओपल राऊशला बोलायला सांगितलं.

"मला भाषण येत नाही," ओपल म्हणाली. "माझा नवरा आरोग्यविमाच विकायचा. रोज जेवताना फोन आला तरी उठायचा. म्हणायचा, ओपल, माणूस घाबरला की आधी एजंटला फोन करतो, डॉक्टरला नंतर. मग तोच आजारी पडला. डॉक्टरनी औषध लिहून दिलं आणि मंजुरी मागितली. आम्ही फोन लावून बसायचो. त्यात ती ट्यून वाजते ना, ती वाजत राहायची. मी म्हणायची, ठेवते आता. तो म्हणायचा, ठेवू नकोस गं, आपलीच माणसं आहेत, उचलतील. ट्यूनबरोबर गुणगुणायचा सुद्धा. सोळाव्या दिवशी तो गेला. एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं, मंजूर म्हणून." तिनं पर्स उघडली आणि पत्र टेबलावर ठेवलं. "हे बघा. नीट टाईप केलंय. कुठे चूक नाही."

असल्या साक्षी मी शेकड्यांनी ऐकल्या आहेत. त्या ऐकताना मी छताच्या नक्षीतली फुलं मोजतो. त्या दिवशी चौदापर्यंत आलो होतो.

लोनीनं मात्र काहीच ऐकलं नव्हतं. मार्चचा शेवट, बास्केटबॉलच्या स्पर्धा चालू, आणि त्याचा फोन टेबलाखाली. बोलणं थांबलेलं पाहून त्यानं मान वर केली आणि मी दिलेला नावांचा कागद पुढे ओढला.

"अध्यक्षबाई, या ताईंच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत. पण भावनेवर कायदे होत नसतात. या विधेयकाला चारशे बारा व्यावसायिकांचा विरोध आहे. चारशे बारा! ताई, तुम्ही कुठल्या म्हणालात? कॉलिन्सव्हिल? घ्या, तुमच्याच गावचे बघा. हे... डेलमार राऊश. एजंट. विरोधात."

मूर्खाला टोपी दिली की तो ती डोळ्यांवर ओढून घेतो. लोनीनं नाव वाचलं आणि पुढचं वाचायला बोट सरकवलं सुद्धा.

"काय म्हणालात?" ओपलनं विचारलं.

"डेलमार राऊश," लोनी म्हणाला. मग त्याच्या तोंडाचं काहीतरी झालं. नाव पोचलं असावं.

"किती वाजता पाठवली ही चिठ्ठी?"

समितीच्या कारकुनानं पडद्यावर पाहिलं. "सात चाळीस. आज सकाळी."

"सात चाळीसला मी त्याच्या थडग्यापाशी होते," ओपल म्हणाली. "इकडे येताना थांबले होते. मला काही बोलला नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी बत्तीस वर्षांचा असल्यापासून या धंद्यात आहे, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण ते असं भर सभेत, बशीत घालून कोणी समोर ठेवलं नव्हतं.

"मिस्टर फेन," बेलांजर बाई माझ्याकडे वळल्या, "या तुमच्या संघाच्या चिठ्ठ्या ना?"

"अध्यक्षबाई, तांत्रिक बाब दिसते. आम्ही चौकशी करू."

"मला चौकशी नको," ओपल म्हणाली. "विधेयकाचं तुम्हाला काय करायचं ते करा, मला कळतंय ते काय करणार आहात. माझं एकच म्हणणं आहे. त्याचं नाव त्यातून काढा. तो वाट बघत मेला. विरोध करत नाही मेला."

"ज्यानं चिठ्ठी पाठवली त्यानं मागे घेतल्याशिवाय मला नोंद पुसता येत नाही, मिसेस राऊश," बेलांजर बाई म्हणाल्या. "आणि इथे पाठवणारा तर तुमचा नवराच दिसतोय." त्यांनी चष्मा काढला. "ही चिठ्ठी पाठवली कोणी?"

मी कागदाच्या कपट्यावर खरडलं, *संगणकाची चूक म्हण. फक्त एक चिठ्ठी. बाकी तोंड उघडू नकोस,* आणि नॉर्बर्टच्या डब्यावर ठेवलं. वर कानात सांगितलं, "चौदा महिने राहिलेत तुझे. डोकं वापर."

त्यानं तो कपटा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. हा माणूस औषधाच्या खोक्यावरचाही सगळा मजकूर वाचतो. मग त्यानं कपट्याची घडी केली, स्वेटरच्या खिशात ठेवली आणि उभा राहिला.

"मी पाठवली, बाई."

"आपण कोण?"

"नॉर्बर्ट डिट्झ. संघात कारकून आहे."

"चुकून पाठवली का?"

मी मनात म्हटलं, हो म्हण, गाढवा. एवढं एकच अक्षर.

"डेलमारची चुकून," तो म्हणाला. "बाकीच्या मुद्दाम."

"बाकीच्या म्हणजे?"

"चारशे अकरा. मीच पाठवल्या, साडेसहा ते नऊ. एकाच खुर्चीवरून. त्या लोकांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी एका कागदावर सही केलेली आहे, पण विधेयक कशाचं आहे विचारलंत तर एकालाही सांगता येणार नाही. म्हणून सगळ्या चारशे बारा मी मागे घेतो. विधेयक मी वाचलंय. चौदा पानं आहेत. चांगलं लिहिलंय. सहाव्या पानावर एक तारीख तेवढी चुकलीय."

बेलांजर बाईंनी खरंच सहावं पान काढून पाहिलं.

नॉर्बर्ट ओपलकडे वळला. डबा अजून त्याच्या हातात होता, खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. "मॅडम, मी सगळं वाचतो. आज सकाळी एक यादी न वाचता पुढे ढकलली. तिच्यात तो होता. मला त्याचं फार वाईट वाटतंय."

"तुम्ही नॉर्बर्ट होय?" ओपल त्याला न्याहाळत म्हणाली. "तो सांगायचा तुमचं. बाटली पाठवली की त्या ऑफिसातून एकच माणूस हातानं पत्र लिहितो म्हणायचा."

माझी मान आपोआप छताकडे गेली. पण फुलं कुठपर्यंत मोजली होती ते काही आठवेना.

बेलांजर बाईंनी कारकुनाला सांगितलं, "चारशे बारा चिठ्ठ्या पाठवणाऱ्यानं मागे घेतल्या, अशी नोंद करा." कारकुनानं बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा गेला आणि तिथे शून्य आलं. दोन अधिवेशनांचं माझं काम, दोन बोटांत खलास.

नॉर्बर्ट जागेवर परत आला नाही. तो दाराजवळच्या टेबलापाशी गेला, डबा ठेवला, एक कोरी कागदी चिठ्ठी ओढून घेतली आणि खिशातली पेन्सिल काढून उभ्याउभ्याच लिहायला लागला. सगळी समिती त्याच्यासाठी थांबली. बावीस वर्षांत त्याच्यासाठी कोणी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यानं ती कारकुनाला दिली.

"वाचा," बेलांजर बाई म्हणाल्या.

"नॉर्बर्ट डिट्झ," कारकून वाचू लागला. "स्प्रिंगफील्ड. विधेयकाच्या बाजूने. कोणाच्या वतीने..." तो अडखळला. तो रकाना एरवी संघांच्या, कंपन्यांच्या आणि मंडळांच्या नावांनी भरलेला असतो. "स्वतःच्या."

"आणि विरोधात? कोणीच नाही?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर फेन, तुम्ही स्वतः तरी चिठ्ठी पाठवलीत का?"

पाठवली नव्हती. चारशे बारा असताना माझ्या एकाची काय गरज! मी उठलो आणि त्या टेबलाशी गेलो. माझं पेन नेमकं गाडीत राहिलं होतं. टेबलावर नॉर्बर्टची पेन्सिल पडलेली होती, तीच उचलली. रँडल फेन. विरोधात. कोणाच्या वतीने, या रकान्यात मी संघाचं नाव लिहिलं. दुसरं लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग मतदान झालं. तुम्हाला वाटत असेल, खोलीत एवढं सगळं घडल्यावर काही चमत्कार झाला असेल. सात विरुद्ध सहा. विधेयक अभ्यासासाठी उपसमितीकडे. लोनीनं हात वर केला तेव्हा त्याची नजर पुन्हा टेबलाखाली होती. आम्ही जिंकलो. आमचं हे असंच असतं, तोंडाला काळं फासलं तरी हार आमच्याच गळ्यात पडतो.

नॉर्बर्टला काढण्याचे शब्द मी जागेवर बसूनच जुळवले. विश्वासघात, सभासदांचा अवमान, वगैरे. चौदा महिन्यांचं मी काही करू शकलो असतो का? असतो. संघाच्या अध्यक्षाला एक फोन केला असता, चूक माझी, यादी मी काढायला लावली असं म्हटलं असतं, तर निभावलं असतं. तो फोन मी केला नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे, आणि लाज वाटून कोणाचं काही भलं होत नाही हेही मला माहीत आहे.

बाहेर आलो तर जिन्याजवळच्या बाकावर ती दोघं बसली होती. मध्ये डबा उघडा. नॉर्बर्ट एक अंडं सोलत होता, टरफलं झाकणात नीट गोळा करत. सोललेलं अंडं त्यानं ओपलला दिलं, मिठाची पुडी पुढे केली.

"याच्याबरोबर त्याचं हॉर्सरॅडिश पाहिजे होतं," ती म्हणाली.

"माझ्याकडे अर्धी बाटली आहे अजून," तो म्हणाला. "पुरवून पुरवून खातोय."

ती हसली आणि मग तोंडाशी रुमाल धरून बराच वेळ तशीच बसली. नॉर्बर्ट दुसरं अंडं सोलत राहिला.

त्याची पेन्सिल माझ्या मुठीत होती. ती परत द्यावी म्हणून मी दोन पावलं पुढे झालो. काहीतरी बोलावं लागलं असतं. "नॉर्बर्ट" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"रँडल!" मागून लोनीची हाक आली. "चल रे, भूक लागलीय. आज हॉर्सशू सँडविच तुझ्याकडून. चीज जास्त!"

मी पेन्सिल कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि जेवायला गेलो.